धरमतरच्या अंगणात काय लावावे : मांसल झाड की फुलझाड?

पावसाळा जवळ आला, की रस्त्यालगतच्या रोपवाटिकांत गिऱ्हाइकांची ये-जा वाढते. पेण-वडखळ भागातील शेतकरी कुटुंबे भाताच्या बियाण्यांची तजवीज करतात, त्याच सुमारास अंगणासाठी एखादे झाडही पाहून ठेवतात. रोपवाटिकेत पुढच्या बाजूस कुंड्यांतून अडेनियम, निवडुंग, घायपात, कोरफड अशी मांसल झाडे मांडलेली असतात. त्यांतील अडेनियमला तर कुंडीतच गुलाबी फुले आलेली असतात. मागच्या बाजूस काळ्या पिशव्यांतून तामण, बकुळ, करंज, चाफा यांची हातभर उंचीची, फारशी नजरेत न भरणारी रोपे ठेवलेली असतात. विक्रेता पहिल्या रांगेकडे बोट दाखवून म्हणतो, “हे घ्या, याला पाणी लागत नाही.” ज्या घरी उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते, त्या घरातील माणसांना हे वाक्य तत्काळ पटते.

वरवर पाहता प्रश्न लहान आहे. परंतु ज्या घरापुढे एकाच झाडापुरती मोकळी जागा आहे, त्या घराला ही निवड पुढील तीस-चाळीस वर्षे जन्माची सोबत करते. शिवाय लावलेल्या झाडाला पाणी कोणी घालावयाचे, हाही प्रश्न तिच्यात दडलेला असतो. सबब विक्रेत्याच्या एका वाक्यावर ही निवड सोडणे योग्य नव्हे. धरमतर परिसराची जमीन, पाऊस व पाण्याची ओढ यांचा नीट विचार करता असे दिसून येते की, या भागात अंगणातील जमीन फुलझाडाला द्यावी व मांसल झाडांना पडवीतील कुंडीत जागा द्यावी, हेच इष्ट होय. मात्र ते फुलझाड कोणते, हे अंगणाच्या मातीने ठरवावे. आणि दोन उन्हाळे त्याला पाणी कसे पुरवावयाचे, हे खड्डा घेण्यापूर्वी घरात ठरले पाहिजे.

जमीन व पाणी यांचा स्वभाव

सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी पाली व नागोठणे या गावांवरून वाहत येऊन धरमतरच्या खाडीस मिळते. भरतीचे खारे पाणी या खाडीतून बरेच आतवर चढते. खाडीकाठच्या सखल जमिनी बांध घालून समुद्रापासून राखलेल्या आहेत. बाहेरकाठा मजबूत असेल व उघाडीची झडप वेळेवर मिटत असेल, तर आत भात पिकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली, तर पिकाबरोबर घरापुढील अंगणही खाऱ्या पाण्याखाली जाते. या जमिनींच्या रक्षणासाठी मुंबई प्रांतात १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला व पुढे १९७९ साली महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम आला. दापोली येथील कोकण कृषि विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेल येथे आहे व खारपड जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती त्याने दिल्या आहेत. भातासाठी एवढा विचार झाला, त्याच मातीत उभ्या राहणाऱ्या अंगणातील झाडाचा विचार मात्र क्वचितच होतो.

या भागात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे चार महिने मुळांभोवती पाणी तुंबलेले असते. पाऊस सरल्यावर याच्या उलट क्रिया सुरू होते. जमिनीखालील खारे पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते व मीठ वरच्या थरात साचते. मे महिन्यात काही अंगणांत मातीवर जो पांढुरका थर दिसतो, तो हाच होय. तात्पर्य, धरमतरला झाडाची परीक्षा दोन वेळा होते : पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याची व उन्हाळ्यात मिठाची. जे झाड या दोहोंपैकी एकाच परीक्षेत उतरते, ते येथे फार काळ टिकत नाही.

मांसल झाडांचे गुण व मर्यादा

मांसल झाडांचा पाणी वाचविण्याचा गुण खरा आहे. इतर झाडे पानांवरील सूक्ष्म रंध्रे दिवसा उघडतात व त्यांतून पाणी बाहेर टाकतात. निवडुंग, घायपात, कोरफड यांसारखी झाडे ही रंध्रे रात्री उघडतात, हवेतील कर्बवायू साठवून ठेवतात व दिवसा रंध्रे मिटून त्यावर आपले अन्न तयार करतात. जाड पानांत व खोडांत पाण्याचा साठा असतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशात ती महिनेच्या महिने निभावतात. सोलापूर-सांगलीच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण माळावर हा गुण अमोल आहे.

परंतु ही सर्व सिद्धता कोरड्या जमिनीसाठी आहे. अशा झाडांच्या मुळांना हवा लागते. आठवडाभर पाणी साचलेल्या चिकण मातीत मुळांभोवतीची हवा संपते, मुळे कुजू लागतात व बुरशी खोडात शिरते. जुलै महिन्यात अंगणातील अडेनियमचे खोड बोटाने दाबले असता मऊ लागले, तर ते झाड बहुधा वाचत नाही. याला पाणी लागत नाही, हे विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे असते. याला फार पाणी चालत नाही, हा दुसरा अर्धा भाग तो सांगत नाही. धरमतरच्या पावसात तोच भाग महत्त्वाचा ठरतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धरमतरच्या खाडीला स्वतःच्या मांसल वनस्पती आहेत. तिवरांच्या मागील चिखलावर मोरस उगवते व काही घरी तिची भाजीही करतात. तिची पाने जाड असतात, परंतु त्याचे कारण निवडुंगापेक्षा वेगळे आहे. निवडुंग दुष्काळासाठी पाणी साठवितो, तर मोरस शरीरात शिरलेले मीठ सौम्य व्हावे म्हणून पाणी साठविते. म्हणून ती खाऱ्या चिखलात सुखाने राहते. अंगणाच्या कोपऱ्यात मोरस आपोआप उगवली असेल, तर ती जागा खारट आहे, असे खुशाल समजावे.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. अडेनियम, शेर व साबर यांचा चीक विषारी किंवा दाहक असतो व तो डोळ्यांत गेल्यास इजा होते. जेथे लहान मुले खेळतात किंवा वासरे बांधलेली असतात, तेथे ही झाडे जमिनीलगत नसावीत. तसेच छाटलेले निवडुंगाचे तुकडे बांधावर किंवा गावठाणाच्या कडेला फेकू नयेत. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग एके काळी या देशात माजला होता. त्याच्या नायनाटासाठी १९२६ साली श्रीलंकेतून एक विशिष्ट कोशिनिल कीटक आणावा लागला. ज्या झाडाला काळजी लागत नाही, ते नको तेथेही काळजीवाचून वाढते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

फुलझाडाची बाजू

फुलझाड लावण्याचे पहिले कारण सावली हे होय. एप्रिल-मे महिन्यांत खाडीकाठची दमट उष्णता जीव नकोसा करते. दुपारी भात निवडणे, जाळे विणणे, सुकट वाळत घालून राखण करणे, मुलांना झोपविणे ही कामे अंगणातच होतात. एक पूर्ण वाढलेले झाड या सर्वांवर छत्र धरते. कुंडीतील दहा निवडुंग एकत्र केले, तरी एका म्हाताऱ्या माणसाच्या बाजेवर सावली पडत नाही. दुसरे कारण मातीचे. झाडाची सावली व गळलेला पाला यांमुळे जमिनीतून पाणी उडणे मंदावते व त्याबरोबर मिठाचे वर चढणेही मंदावते. देवपूजेची फुले, मधमाश्यांना मध व रस्त्याच्या धुळीला आडोसा हे लाभ त्याखेरीजचे.

मात्र कोणतेही फुलझाड चालणार नाही. अंगणाच्या जागेप्रमाणे निवड पुढीलप्रमाणे करावी.

जेथे उन्हाळ्यात मिठाचा थर दिसतो किंवा मोरस उगवते, अशा जागी रानभेंडी अथवा उंडी लावावी. रानभेंडीला काही भागांत परास-पिंपळ म्हणतात. तिची पिवळी फुले सायंकाळपर्यंत तांबूस होतात. ती खाडीच्या काठावरच वाढणारी असल्याने खारा वारा व खारी माती तिला नवी नसते, आणि जाड फांदीच्या खुंटापासूनही ती लागते. उंडी सावकाश वाढते, परंतु तिची सावली दाट असते, पांढऱ्या फुलांना सुवास असतो व समुद्रवारा ती समर्थपणे सोसते. तिच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यात जाळीत असत व लाकूड होड्यांच्या कामी येई. करंजही मध्यम खारट जमिनीत तग धरतो.

जेथे गोड्या पाण्याचे तळे, विहीर किंवा पाऊस धरून ठेवणारी पण खारट नसलेली सखल जागा आहे, तेथे तामण लावावी. ती महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. ओढ्यानदीकाठी वाढण्याची सवय असल्याने तिला पावसाळ्यातील ओल बाधत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी ती भरून जाते. मात्र मिठाची परीक्षा तिला झेपत नाही. केवळ फुलांवर लुब्ध होऊन खारट अंगणात तामण लावणे म्हणजे दोन वर्षांची मेहनत वाया घालविणे होय.

जेथे जोत्यालगत भराव घातलेली उंच व निचऱ्याची जागा आहे, तेथे चाफा लावावा. देवळांच्या आवारात दिसणारा हा पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचा असला, तरी कोकणात तो घरचाच झाला आहे. मांसल झाड की फुलझाड, या वादात त्याचे स्थान मधले आहे. त्याच्या जाड फांद्यांत पाणी साठविलेले असते, कोरड्या दिवसांत तो पाने गाळून पाणी वाचवितो, आणि तरीही तो डोक्यावर सावली देणारे, फुलांचे झाड होतो. ज्या घरी एकाला मांसल झाडाचा सोशिकपणा हवा व दुसऱ्याला फुले हवीत, तेथे चाफ्याने दोघांचेही समाधान होईल. हातभर लांबीची फांदी कापून, चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग लावावी. तुंबलेले पाणी मात्र त्यालाही सोसत नाही.

गुलमोहर लावण्याचा मोह टाळावा. दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्यात असंख्य झाडे उन्मळली व घरांची छपरे मोडली. गुलमोहराची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ असतात. असे झाड घराच्या कौलांवर किंवा विजेच्या तारांखाली नसणे बरे. कोणतेही मोठे झाड भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर दूर असावे. तेवढी जागा नसेल, तर चाफ्यासारखे लहान झाड पत्करावे.

पाण्याचा हिशेब

फुलझाडाविरुद्धचा खरा आक्षेप पाण्याचा आहे व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेण तालुक्यातच हेटवणे धरण असतानाही खारेपाटातील गावांनी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ अनेक वर्षे सोसली आहे. तेथे विहीर खणली, तर खारे पाणी लागते. अशा ठिकाणी झाडे लावा, असा उपदेश करणाऱ्याने पाणी कोण आणणार, हेही सांगितले पाहिजे. घरोघरी हे काम बहुधा सुनेच्या, सासूच्या किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला येते.

हिशेब मांडून पाहू जाता, कोवळ्या रोपाला डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत दर तिसऱ्या दिवशी पंधरा लिटरांचा एक हंडा द्यावा लागला, तर साठ हंडे म्हणजे ९०० लिटर पाणी होते. दोन उन्हाळ्यांचे १२० हंडे झाले. हे सारे पाणी डोक्यावरून आणावयाचे असेल, तर झाडाचे कौतुक पुरुषांनी करावे व भार स्त्रियांनी वाहावा, असा प्रकार होईल. तो न्यायाचा नव्हे.

यावर तोड आहे. भात हे येथील रोजचे अन्न. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी तीन लिटर जरी रोज वेगळ्या भांड्यात जमविले, तरी तीन दिवसांत नऊ लिटर होते. म्हणजे हंड्याचा अर्ध्याहून अधिक भाग स्वयंपाकघरातच निघतो. हे पाणी रोपाशेजारी पुरलेल्या मातीच्या मडक्यात ओतून वर झाकण ठेवावे. ते हळूहळू मुळांपाशी झिरपते व उन्हाने उडून जात नाही. असे केल्यास हंडाभर पाण्याची गरजच कमी होते. मात्र कपड्यांच्या साबणाचे किंवा सोड्याचे पाणी घालू नये. त्यातील क्षार आधीच खारट असलेल्या मातीत भर घालतात. घरातील कर्त्या पुरुषांनी व मुलांनी मडके भरण्याची पाळी लावून घ्यावी. तेवढी तयारी नसेल, तर त्या वर्षी झाड लावू नये. वाळलेले रोप पाहून पुढच्या वर्षीचा उत्साहही मावळतो.

लागवडीची पद्धत

प्रथम मे महिन्यात अंगणाच्या मातीचा नमुना घेऊन मृद् चाचणी प्रयोगशाळेकडे पाठवावा. त्या वेळी मीठ वरच्या थरात अधिक असल्याने जागेची खरी स्थिती कळते. मातीची विद्युतवाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनच्या वर निघाली, तर ती जमीन क्षारयुक्त समजतात व तेथे रानभेंडी किंवा उंडीखेरीज दुसरा विचार करू नये. चाचणीवाचून जिप्सम टाकण्याची घाई नको. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीस होतो; केवळ खारट जमिनीतील मीठ पावसाच्या गोड्या पाण्याने धुवून व चराने वाहून काढावे लागते.

रोप खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लावावे, हा या भागातील मुख्य नियम होय. गोडी माती व कुजलेले शेणखत यांचा दीड-दोन हात उंच व चार हात रुंद ढिगारा करून पहिला दमदार पाऊस पडल्यावर त्यावर रोप लावावे. त्याच्या बाजूने चर काढून पाणी उताराकडे न्यावे. पावसाने ढिगाऱ्यातील मीठ धुतले जाते व मुळेही तुंबलेल्या पाण्यावर राहतात. पाऊस संपताच बुंध्याभोवती भाताच्या पेंढ्याचे चार बोटे जाड आच्छादन करावे. पेंढा बुंध्याला चिकटू देऊ नये. आच्छादनाने पाणी टिकते व मीठ वर येण्यास अटकाव होतो. गुरांपासून संरक्षणासाठी काट्यांचे कुंपण अवश्य करावे.

मांसल झाडांच्या कुंड्या पडवीत किंवा पागोळी लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात. कुंडीत निम्मी रेती असावी, परंतु ती खाडीची नसावी. खाडीच्या रेतीतील मिठाने ही झाडेही खंगतात. कुंडीखालील बशीत पाणी साचू देऊ नये, अन्यथा डासांची पैदास होते. अंगण वाढविण्यासाठी मागील तिवरांवर कुऱ्हाड चालविण्याचा विचार तर मनातही आणू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवनतोडीस मनाई केली आहे. शिवाय उधाणाच्या लाटांचा पहिला तडाखा तिवरेच झेलतात व बाहेरकाठा त्यांच्याच आधाराने उभा असतो.

कुंडी कोणी पत्करावी

याचा अर्थ मांसल झाडे टाकाऊ आहेत, असा नव्हे. ज्यांचे घर भाड्याचे आहे, ज्यांच्या दारापुढे वाटेपुरतीच जागा आहे, जेथे दरवर्षी खांड पडून खारे पाणी घरापाशी येते, किंवा ज्या घरी वृद्ध दांपत्य एकटे राहते व पाणी घालणारे हात नाहीत, तेथे पडवीतील कोरफड व अडेनियमची कुंडी हीच शहाणपणाची निवड आहे. भाजल्या-कापल्यावर उपयोगी पडणारी कोरफड तर प्रत्येक घरी असावी. मुद्दा एवढाच, की एका झाडापुरती मोकळी जमीन व दोन उन्हाळे सांभाळणारी माणसे ज्या घरी आहेत, त्या घराने ती जमीन कुंडीतल्या झाडावर खर्च करू नये.

या वर्षी रोपवाटिकेत जाण्यापूर्वी शेतकरी बंधुभगिनींनी आपल्या अंगणात तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : उन्हाळ्यात मीठ कोठे फुटते, पावसात पाणी कोठे तुंबते आणि तांदळाच्या धुवणाचे भांडे रोज कोण रिकामे करणार. पहिल्या दोन गोष्टी कोणते झाड लावावे ते सांगतील व तिसरी ते जगेल की नाही ते सांगेल. तिन्हींची उत्तरे हाती असतील, तर मागच्या रांगेतील हातभर उंचीचे रोप निःशंक मनाने घरी आणावे. आज अंगणात खेळणारी मुले कर्ती होतील, तेव्हा मे महिन्यातील दुपारी त्याच्या सावलीत बसून ती आपल्या वडीलधाऱ्यांच्या दूरदृष्टीचे स्मरण करतील.